लिंगोचं नाव अर्ध्यात का तुटलं?

पोस्ट मोठी आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांसाठी लिहिलेली नाही. कचारगडच्या यात्रेत काय झालं ते सांगायचं आहे आणि त्यावरून काही प्रश्न विचारायचे आहेत. वेळ असेल तरच वाचा, अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. धनेगावात गर्दी वाढायला लागली होती. दरेकसा स्टेशनवर उतरून चालत येणारे, छत्तीसगडच्या बाजूनं ट्रॅक्टर-ट्रॉलीतून येणारे, बालाघाटकडचे, तेलंगणातून रात्रभर प्रवास करून आलेले. पिवळे गमछे, सप्तरंगी झेंडे, ढोल. ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांना सांगतो, इथं एका वेळी चार-पाच भाषा कानावर पडतात. म्हातारी गोंडीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो, पोलीस मराठीत ओरडतो आणि सगळ्यांना सगळं समजतं.

हरवणारेही पुष्कळ असतात. लहान पोरं हरवतात, त्यापेक्षा जास्त म्हातारी माणसं हरवतात. मोबाइलचं नेटवर्क त्या डोंगरात असून नसल्यासारखं. म्हणून आपल्या भागातल्या काही पोरांनी स्वतःच्या हौशीनं एक मंडप टाकला होता. हरवलेल्याचं नाव लिहून घ्यायचं, बांबूला बांधलेल्या टीव्हीवर यादी दाखवायची आणि माइकवरून पुकारायचं. माइकवर एक निवृत्त गुरुजी. आवाज असा की वर गुहेपर्यंत जावा.

यादीसाठी जे यंत्र होतं ते पाहायला मी थांबलो. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, तिला टीव्हीची वायर, एक कीबोर्ड आणि खाली बॅटरी. लॅपटॉप नाही, सीपीयूचा डबा नाही. पट्टी आणणारा पोरगा आपल्याच तालुक्यातला. गोंदियात शिकला, पुण्याला नोकरी करतो, यात्रेसाठी सुटी काढून आलेला. त्याचं नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलं.

"भाऊ, हे लॅपटॉपपेक्षा बरं. बॅटरीवर रात्रभर चालते. वीज गेली तरी यादी राहते."

मी म्हटलं, दाखव चालवून. त्यानं इंग्रजीत दोन-तीन नावं टाकली, टीव्हीवर बरोबर आली. मग गुरुजी म्हणाले, "पहिलं नाव देवाचं टाक ना जी." त्यानं टाइप केलं, पहांदी पारी कुपार लिंगो.

टीव्हीवर आलं "पहांदी प". पुढं एक काळा चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. बस. लिंगो गायब.

मंडपात क्षणभर कोणी काही बोललं नाही. ज्या डोंगरात लिंगोसाठी लाखो माणसं येतात तिथं यंत्र त्याचं नाव गिळून बसलं होतं. पोरगा खजील झाला. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. मग साधी माणसांची नावं टाकून पाहिली. पहिलं नाव येई, आडनाव येईना. मडावी, उईके, सलामे, कुंभरे, काहीच नाही.

गोंड समाजात आडनाव म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. आडनावावरून कूळ कळतं, किती देवांचे ते कळतं, सोयरीक जुळते की नाही ते कळतं. आणि हरवलेल्या माणसाला पुकारायचं तर आडनावाशिवाय कसं? नुसतं "बुधराम" म्हटलं तर मंडपासमोर वीस जण उभे राहतील.

पोरानं बॅग उघडली, स्वतःचा लॅपटॉप काढला. तोच प्रोग्राम, तीच आवृत्ती, तेच नाव टाकलं. लॅपटॉपवर सगळं नाव बरोबर. पट्टीवर अर्धं.

"प्रोग्राम एकच आहे ना?" मी विचारलं.

"एकच आहे भाऊ. प्रोसेसर वेगळा आहे."

तो जे बोलला ते मी त्या रात्री वहीत लिहून घेतलं. मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. त्यामुळं जे मला समजलं तेवढंच आणि माझ्या भाषेत सांगतो.

आपण गोंदियावाले, आपल्याला धान आणि तांदूळ यातला फरक शिकवावा लागत नाही. तांदूळ शिजवून खाता येतो, पेरता येत नाही. पेरायला धानच लागतो. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो धान. तो एका विशिष्ट प्रोसेसरसाठी दळून-कांडून तयार केला की झाला तांदूळ. इंटेलच्या चिपसाठी कांडलेला तांदूळ दुसऱ्या जातीच्या चिपला पचतच नाही, कारण तिच्या आज्ञांची भाषाच वेगळी असते. आपल्या जुन्या कॉम्प्युटरांत इंटेल किंवा एएमडीची एक जात, मोबाइलमध्ये आर्म नावाची दुसरी जात. आणि या हिरव्या पट्टीत होती तिसरी, रिस्क-फाइव्ह. २०१० मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात ती सुरू झाली. तिच्या आज्ञांची यादी सगळ्यांना खुली आहे, त्यावर चिप बनवायला कोणाला लायसन्सची फी द्यावी लागत नाही. म्हणून आपल्यासारखे देश तिच्या मागे लागले.

ओपन सोर्स म्हणजे धान वाटून देणारे लोक. कोणीही घ्या, आपल्या जमिनीत पेरा. नवीन प्रोसेसर आला की तो धान त्या जमिनीत उगवून दाखवायचा, याला पोर्टिंग म्हणतात. पुण्यातला आपला पोरगा रोज हेच काम करतो.

धान न देणाऱ्यांचा एक अनुभव माझा स्वतःचा आहे, तो सांगून टाकतो. मी ज्या साप्ताहिकात सुरुवात केली तिथं पानं लावायला एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या जागी एक लहानसं लॉक लावलं की ते चाले, काढलं की बंद. आठ वर्षांचे अंक त्यात. त्यात कचारगडच्या यात्रेला सुरुवातीच्या वर्षांत पायी आलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखतीही होत्या, मी पंचविशीत असताना घेतलेल्या. पुढं कॉम्प्युटर बदलला, नवीनला ती प्रिंटरची जागाच नव्हती. विकणाऱ्याला फोन केला तर ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या म्हणाले. नवीन घेतलं तरी जुन्या फाइली धड उघडेनात, काना-मात्रा इकडचे तिकडे. छापील अंकांचा गठ्ठा होता, त्यातला अर्धा वाळवीनं खाल्ला. बोलणारी माणसं तर आता नाहीतच. आमच्याकडं तांदूळ होता, धान नव्हता.

म्हणून पोरानं "ओपन सोर्स" म्हटल्यावर मला वाटलं होतं, चला, यांचं तरी बरं आहे. पण टीव्हीवर लिंगो अर्धाच दिसत होता. म्हणजे नुसता धान असूनही भागत नाही.

आता थोडं गणित आहे. सोपं आहे, सोडून जाऊ नका, कारण सगळी गोम तिथंच आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर एका आकड्यात बसतं आणि तो आकडा १२८ च्या आत असतो. आपल्या देवनागरीचं तसं नाही. आपल्या एकेका अक्षराला तीन आकडे लागतात. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. काना वेगळा, वेलांटी वेगळी, त्यांनाही प्रत्येकी तीन. म्हणजे प्रोग्रामला अक्षरं मोजायची असतील तर तीन आकड्यांना मिळून एक धरावं लागतं.

तो प्रोग्राम जुना, सी भाषेत लिहिलेला. सी भाषेत एक लहान डबा असतो, एका आकड्याचा. त्या डब्यातला आकडा दोन प्रकारे वाचता येतो. एक म्हणजे शून्य ते २५५. दुसरा म्हणजे उणे १२८ ते अधिक १२७. दुसऱ्या रीतीनं वाचलं तर २२४ चा होतो उणे ३२, १६४ चा उणे ९२ आणि १४९ चा उणे १०७. कोणती रीत धरायची हे सी भाषेच्या नियमांनी ठरवून दिलेलंच नाही, बनवणाऱ्यावर सोडलं आहे. इंटेलच्या लिनक्सवर उणेवाली रीत चालते. आर्म आणि रिस्क-फाइव्हच्या लिनक्सवर शून्य ते २५५ वाली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यानं काय हुशारी केली होती? त्यानं लिहिलं, आकडा उणे ६४ पेक्षा लहान असेल तर तो अक्षराचा पुढचा तुकडा आहे, मोजू नको. इंटेलवर बरोबर चाललं. उणे ३२ मोजला, उणे ९२ सोडला, उणे १०७ सोडला. तीन आकडे, एक अक्षर. रिस्क-फाइव्हवर उणे काही उरलंच नाही. २२४, १६४, १४९ सगळेच उणे ६४ पेक्षा मोठे. झालं, एका ‘क’चे तीन मोजले.

नावाच्या रकान्याला चोवीस अक्षरांची जागा होती. पहांदी पारी कुपार लिंगो हे नाव काना-वेलांटी आणि मधल्या जागा धरून तेवीस भरतं, म्हणजे मावतं. पण यंत्रानं मोजले त्रेसष्ट. चोवीसला कात्री लावली, तीसुद्धा ‘पा’च्या कान्याच्या बरोबर मध्यात. तो तुटलेला काना म्हणजे तो काळा चौकोन.

आणि इंग्रजी नाव? त्यात १२८ च्या वरचा आकडाच नसतो. उणे-अधिकाचा प्रश्नच येत नाही. दोन्ही यंत्रांवर बिनचूक.

मला झोप लागली नाही ती यामुळं. पोरगा म्हणाला होता, "भाऊ, हा प्रोग्राम या चिपवर केव्हाच पास झालेला आहे. बिल्ड झाला, टेस्ट झाली, हिरवी खूण आहे." मी विचारलं, टेस्टमध्ये काय आहे? त्यानं उघडून दाखवलं. दहा-बारा ओळी. सगळ्या इंग्रजी.

कोणी मुद्दाम केलं नाही. ज्यानं लिहिला तो युरोपातला कोणी सज्जन माणूस, फुकट वाटतो, स्वतःच्या वेळात सांभाळतो. त्याच्यासमोर कोणी मराठी नाव ठेवलंच नाही. इंटेलवर मराठी आपोआप चालत होती म्हणून आपल्याकडून कोणी तक्रारही केली नाही. चिप बदलली आणि जे आपोआप चालत होतं ते आपोआप बंद पडलं. हिरवी खूण मात्र तशीच.

कोणी म्हणेल, मोबाइलमध्ये तर आर्म आहे, तिथंही शून्य ते २५५ चालतं, मग मराठी कशी दिसते? खरं आहे. मोठे प्रोग्राम मोबाइलमुळं या खोड्यांतून केव्हाच पार झाले. लिनक्सच्या गाभ्याचं काम करणाऱ्यांनी तर २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ आवृत्तीपासून सगळ्या चिपांवर एकच रीत ठेवायची असं ठरवून टाकलं. ब्राउझर, लिबर ऑफिस, जावा यांच्यामागं मोठमोठ्या कंपन्या आणि संस्था आहेत. लिबर ऑफिसमध्ये प्रत्येक नवीन प्रोसेसरसाठी एक लहानसा पूल त्या चिपच्या स्वतःच्या भाषेत हातानं बांधावा लागतो, रिस्क-फाइव्हसाठी तोही बांधून झाला. जावा २०२२ च्या सप्टेंबरात त्यावर अधिकृतपणे आली. डेबियन, ज्यावर जगातली निम्मी लिनक्स उभी आहे असं पोरगा म्हणतो (निम्मी त्याची, मी मोजली नाही), तिच्या १३ व्या आवृत्तीत ९ ऑगस्ट २०२५ ला रिस्क-फाइव्ह पहिल्यांदा अधिकृत यादीत बसलं. त्याच आवृत्तीत जुन्या ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर नव्यानं इन्स्टॉल करायची सोय निघाली, हेही जाता जाता सांगतो. आपल्या गावातल्या शाळांत जे डबे धूळ खात आहेत त्यातले पुष्कळ त्याच जातीचे.

मोठ्यांचं भागतं. मरण आहे लहान प्रोग्रामांचं. यादी करणारा, पावती छापणारा, ग्रंथालयाची नोंद ठेवणारा, लहान गावात फुकट म्हणून वापरला जाणारा. तेच आपण वापरतो आणि त्यांच्यावरच कोणाची नजर नसते.

आता थोडं सरकारबद्दल. रागानं नाही लिहीत, कारण चूक मीही केली आहे.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकच्या तिरुअनंतपुरम केंद्राचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यातले. डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव६४’ची बातमी आली, सी-डॅकचाच, ६४ बिट, दोन कोर, एक गिगाहर्ट्झ. मी ती बातमी लावली. मथळ्यात ‘स्वदेशी’ होतं, ‘आत्मनिर्भर’ होतं. त्यावर मराठी चालेल का, हा प्रश्न मला सुचला नाही. प्रेसनोटमध्ये नव्हता म्हणून बातमीत नव्हता.

चिप स्वदेशी झाली ही चांगलीच गोष्ट आहे, तिची टिंगल करणारे मला आवडत नाहीत. पण चिप म्हणजे जमीन झाली. त्यावर काय काय उगवतं ते एकेक रोप पाहूनच कळणार.

आणि हे काम आपल्याला नवीन नाही. आमच्या शाळेच्या वेळी सामान्य ज्ञानात हमखास एक प्रश्न यायचा, भारताचा पहिला महासंगणक कोणता? परम. कोणी बनवला? डॉ. विजय भटकर. एक मार्क. भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, याचा आम्हाला भारी अभिमान. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एवढं पाठ होतं. जे कोणी शिकवलं नाही ते असं की त्या ‘परम’चं पोट दर काही वर्षांनी बदलत गेलं. पहिल्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ती चिप मागं पडली. मग इंटेलची आय८६० जोडली. मग सनच्या स्पार्क चिपा आल्या, १९९८ चा ‘परम १००००’ त्यावरच चालला. २००३ च्या सुमारास ‘परम पद्म’, त्यात आयबीएमचा पॉवर४. २००८ च्या ‘परम युवा’त इंटेलचे झिऑन. सतरा-अठरा वर्षांत पाच जातींच्या चिपा! नाव एकच, ‘परम’. आणि प्रत्येक वेळी हवामानाचे, भूगर्भाचे, विज्ञानाचे प्रोग्राम एका जमिनीतून उपटून दुसरीत लावावे लागले असणार. एका जातीच्या चिपेवर बरोबर येणारं उत्तर दुसऱ्या जातीवर तसंच येतं का, हे कोणीतरी बसून ताडून पाहिलं असणार. त्या माणसांची नावं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात आली नाहीत. येणारही नाहीत, पण काम झालं ते त्यांच्यामुळंच.

आज रिस्क-फाइव्हवर हे बसून ताडण्याचं काम सगळ्यात जोरात कोण करतं आहे? चीन. जावाचं रिस्क-फाइव्हवरचं काम सुरू करणारे इंजिनिअर चिनी कंपनीतले. क्रोमच्या पोटातलं जावास्क्रिप्टचं यंत्र या चिपवर आणण्यात त्यांच्या विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेचा मोठा हात. पोरगा हसून म्हणाला, "भाऊ, त्यांची अक्षरंही तीनच आकड्यांची. त्यामुळं त्यांनी जे प्रोग्राम तपासले त्यात आपलीही अर्धी अडचण फुकटात सुटली." म्हणजे मराठीची राखण सध्या चिनी पोरं करत आहेत म्हणा! पण त्यांच्याकडं वेलांटी नाही, रफार नाही, जोडाक्षर नाही. ‘र्‍या’ आणि ‘र्या’ यातला फरक त्यांना कोण सांगणार? ते आपल्यालाच पाहावं लागेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. सत्कार झाले, आपण बातम्या लावल्या. मराठीचं एवढं तरी आहे. गोंडीचं काय? २०११ च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली आणि ती अजून आठव्या अनुसूचीत नाही. लिपीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम, त्यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. कॉम्प्युटरच्या जागतिक यादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, ती बसली २०१७ साली. नव्व्याण्णव वर्षं लागली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या पोथ्यांची दुसरी गोंडी लिपी पुढच्या वर्षी बसली. मसराम लिपीच्या एका अक्षराला तीन नाही, चार आकडे लागतात, पहिला २४०. त्या मंडपातल्या यंत्रावर तिची सहा अक्षरं झाली की कात्री लागली असती.

या लिपीचा फॉन्ट कोणत्याही चिपवर जसाच्या तसा चालतो, हे मला नवीन होतं. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं चित्र, त्याला प्रोसेसरशी घेणंदेणं नाही. पण ते चित्र योग्य जागी मांडणारा, मोजणारा, कापणारा प्रोग्राम प्रत्येक चिपवर नव्यानं कांडावा लागतो. म्हणून "फॉन्ट टाकला ना, झालं काम" असं जे आपण म्हणतो, मीही म्हणत होतो, ते अर्धंच खरं.

तर त्या रात्री काय झालं?

पोरानं आधी मलमपट्टी केली. प्रोग्राम पुन्हा कांडताना यंत्राला सांगितलं, बाबा, डबा उणे-अधिकाच्या रीतीनंच वाच. दहा मिनिटांचं काम, पण पट्टी हळू, त्यामुळं चहा झाला, दुसरा चहा झाला. लिंगोचं सगळं नाव टीव्हीवर आलं तेव्हा गुरुजींनी माइक चालू करून "जय सेवा" म्हटलं आणि खालून रस्त्यावरून लोकांनी उत्तर दिलं. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

मलमपट्टी त्या एका यंत्रापुरती होती. खरी दुरुस्ती म्हणजे मूळ प्रोग्राममधली मोजायची ओळच बदलणं, म्हणजे कोणतीही चिप आली तरी ती चुकणार नाही. ती त्यानं पहाटे लिहिली. पाठवायला नेटवर्क नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवर त्याला सालेकसाच्या बाजूला घेऊन गेलो, दोन दांड्या आल्या तशी गेली. दुरुस्तीसोबत टेस्टच्या फाइलमध्ये त्यानं एक ओळ जोडली. लिंगोचं नाव, देवनागरीत. आणि तिच्याखाली तेच मसराम लिपीत.

पौर्णिमेच्या रात्री किती जण हरवले आणि सापडले ते मोजायला मी थांबलो नाही, बातमी पाठवायची होती. पण मध्यरात्रीनंतर डोंगरावरून उतरताना गुरुजींचा आवाज येत होता, नाव, आडनाव, गाव, तिन्ही.

आता माझी मागणी. आपल्या जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहेत. दरवर्षी पोरं ‘प्रोजेक्ट’ करतात आणि त्यातले पुष्कळ बाजारातून विकत आणलेले असतात, हे आपण सगळे जाणतो. त्याऐवजी एकेका गटाला दहा लहान प्रोग्राम द्या. मराठी टाका, गोंडी टाका, इंटेलवर आणि या पट्टीवर चालवून पाहा, जिथं तुटतं तिथं लिहून पाठवा. खर्च एका पट्टीचा. मराठीच्या नावानं राज्यात जी खाती आणि संस्था आहेत त्यांनीही परिपत्रकांच्या पलीकडं जाऊन नावांची, गावांची, जोडाक्षरांची एक साधी तपासयादी करून जगाला मोफत द्यावी. ज्या परदेशी माणसाला मराठी येत नाही त्याच्यासाठी तेवढी फाइल पुरेशी आहे. आणि सरकारी खरेदीत स्वदेशी चिपची अट येईल, येणारच आहे, तेव्हा निविदेत एक ओळ असावी, मराठी नावासह चालवून दाखवा. ही ओळ घालायला पैसे लागत नाहीत. या मागणीचं निवेदन मी जिल्ह्यात दिलं आहे, पोच माझ्याकडं आहे.

त्या परदेशी माणसाचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. दुरुस्ती त्यानं घेतली. देवनागरीची ओळही घेतली. म्हणजे आता तो प्रोग्राम जगात कुठंही, कोणत्याही चिपसाठी तयार झाला की आधी लिंगोचं नाव तपासून पुढं जातो. मसराम लिपीच्या ओळीवर मात्र त्यानं एक प्रश्न विचारला आहे. जोडाक्षर आलं तर रकान्यात ते एक मोजायचं की दोन? पोराला उत्तर माहीत नाही, मला तर नाहीच. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, कागदावर लिहून दाखवतो, पण लग्नसराई आटोपू दे. दोनदा फोन केला, फोन बंद आहे. परवा रविवारी त्यांच्या गावाला जाऊन येतो.